चुकीची चाहूल

सकाळची शाळा भरलेली असते. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर कोवळे ऊन पसरू लागलेले असते आणि साताऱ्यातील एखाद्या वर्गात गणिताचा तास चालू असतो. गुरुजी एका मुलास फळ्याजवळ बोलावतात. मुलगा हुशार असतो. सात आठे छप्पन्न हे त्यास झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. तो भराभर आकडे मांडत जातो आणि घाईघाईत छप्पन्नाच्या जागी चौपन्न लिहून बसतो. वर्गातून कोणी काही बोललेले नसते. गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभे असतात. तरीही खडू फळ्यावरून पुरता उचलला जाण्यापूर्वीच मुलगा दचकतो, जीभ चावतो आणि तळहाताने तो आकडा पुसून टाकतो.

चूक कोणी दाखवली नाही. मग ती त्याला कळली कशी?

हा अनुभव त्या एकट्या मुलाचा नव्हे. तबलजीचा हात मात्रेला चुकला की श्रोत्यांच्या आधी ते त्यालाच कळते. टंकलेखकाचे बोट भलत्या अक्षरावर पडले की कागदाकडे न पाहताही त्याचे बोट अडखळते. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी १९६६ साली या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे आपली चूक कोणी न सांगता ओळखतात, ती झटकन सुधारतात आणि चुकीनंतरचे पुढचे उत्तर थोडे सावकाश देतात, असे त्यांना दिसून आले. जणू डोक्यात कोणी पहारेकरी बसलेला असतो आणि पाऊल वाकडे पडताच तो हलकेच हाक देतो.

या पहारेकऱ्याची हाक ऐकता येईल काय? आणि ऐकू आली, तर ती खरोखर त्याचीच हाक आहे, वाऱ्याचा आवाज नव्हे, हे ओळखायचे कसे? हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे, आणि अनेक संशोधकांनी त्यासाठी पुष्कळ श्रम वेचले आहेत.

मेंदूतील पेशी एकमेकींशी विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने बोलतात. असंख्य पेशी एकाच वेळी बोलू लागल्या, की त्या विजेचा अत्यंत क्षीण अंश कवटीच्या बाहेर, डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. ज्या वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचे ठाणे काले गावाहून साताऱ्यास हलवले, त्याच १९२४ साली जर्मनीतील येना या गावी हान्स बेर्गर नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूतील विजेची पहिली नोंद केली. तो दिवस ६ जुलैचा होता. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १७ वर्षांच्या एका युवकावर त्यांनी हा प्रयोग केला. यंत्राची तार किंचित थरथरली, एवढेच; पण ती थरथर पाहण्यासाठी बेर्गर यांनी कित्येक वर्षे वाट पाहिली होती.

दुसरा कोणी असता, तर त्याने दुसऱ्याच दिवशी हा शोध जगास सांगितला असता. बेर्गर यांनी तसे केले नाही. ही थरथर मेंदूचीच कशावरून? ती हृदयाच्या ठोक्यांची असेल, रक्तवाहिन्यांच्या धडधडीची असेल, स्नायूंच्या हालचालीची असेल किंवा यंत्राचाच काही दोष असेल. या शंकांचे निरसन होईपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा नोंदी घेतल्या. त्यांचा मुलगा क्लाउस याच्या डोक्यावरूनही त्यांनी अनेक नोंदी केल्या. अखेरीस १९२९ साली, म्हणजे पाच वर्षांनी, त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. तरीही पुष्कळांचा विश्वास बसला नाही. पुढे १९३४ साली केंब्रिजमधील एडगर एड्रियन व ब्रायन मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग स्वतः करून पाहिला आणि बेर्गर यांचे म्हणणे खरे ठरले. मेंदूच्या विजेच्या या आलेखास आज जगभर ई. ई. जी. असे म्हणतात. मोठ्या रुग्णालयांत फेफऱ्यासारख्या विकारांच्या तपासणीसाठी तो नेहमी काढला जातो.

या आलेखात चुकीची खूण सापडण्यास मात्र आणखी बराच काळ जावा लागला. १९९० च्या सुमारास जर्मनीतील डॉर्टमुंड येथे मिखाएल फाल्केनश्टाइन व त्यांचे सहकारी, आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम गेहरिंग व त्यांचे सहकारी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच शोधाकडे येऊन पोहोचले. दोन्ही ठिकाणी माणसांना सोपे पण झटपट करण्याचे काम दिलेले होते. अशा कामाचा एक प्रसिद्ध नमुना असा: पडद्यावर क्षणभर पाच बाण दिसतात. मधला बाण डावीकडे असेल तर डाव्या हाताची कळ दाबायची, उजवीकडे असेल तर उजव्या हाताची. बाजूचे चार बाण कधी मधल्याच्या दिशेचे असतात, कधी उलट दिशेचे. उलटे असले, की हात फसतो.

→ → ← → →

काम इतके सोपे, की चुकल्याबरोबर माणसास आपली चूक उमगते. अशा प्रत्येक चुकीनंतर, कळ दाबल्यापासून साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांत, डोक्याच्या मध्यभागी किंचित पुढच्या बाजूस, आलेखात एक टोकदार लहर उमटते. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे मिलिसेकंद. पापणी मिटण्यास लागतो त्याहूनही हा वेळ थोडा आहे. लहर ऋण विजेची असते, म्हणून शास्त्रज्ञ तिला 'चुकीशी निगडित ऋण लहर' म्हणतात. येथे तिला थोडक्यात चूक-लहर म्हटले तरी चालेल. मेंदूच्या दोन गोलार्धांमध्ये जी भेग आहे तिच्या आत, पुढच्या बाजूस, तिचा उगम असावा असे मानले जाते. पहारेकऱ्याची हाक सापडली, ती अशी.

परंतु ही हाक फारच क्षीण आहे. हातविजेरीतील एक साधा सेल दीड व्होल्टचा असतो. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, की त्यांतील एक भाग म्हणजे मायक्रोव्होल्ट. चूक-लहर सुमारे १० मायक्रोव्होल्टची धरली, तर ती त्या सेलच्या दीड लाखाव्या भागाएवढी झाली! आणि ती एकटी येत नाही. जागा मेंदू एरवीही अखंड गुणगुणत असतो आणि त्याची ती गुणगुण चूक-लहरीहून पुष्कळदा मोठी असते. त्यात डोळ्यांची उघडझाप झाली, की आलेख एकदम १०० मायक्रोव्होल्ट किंवा त्याहून अधिक उसळतो. दात आवळले, कपाळास आठी पडली, डोक्यास घाम आला, भिंतीतून घरगुती विजेची तार गेली असली, तरी त्या साऱ्यांची भेसळ आलेखात होते.

अशी अडचण सातारा जिल्ह्याला परकी नाही. कोयनानगरच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला आणि अनेकांचे प्राण गेले. तेव्हापासून त्या भागातील जमिनीच्या बारीकसारीक हालचालींवर सतत लक्ष ठेवले जाते. कऱ्हाडजवळ भारत सरकारची एक प्रयोगशाळा याच कामासाठी उभी आहे. जमिनीचा अगदी सूक्ष्म कंप टिपायचा, तर रस्त्यावरच्या मालमोटारी, वारा, माणसांची वर्दळ या सर्वांचे हादरे आड येतात. म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी सुमारे दीड किलोमीटर खोल छिद्रे घेऊन त्यांत भूकंपमापक यंत्रे सोडली आहेत. इतक्या खोलवर पृष्ठभागावरचा गलबला फारसा पोहोचत नाही. शिवाय एकाच यंत्राची सुई हलली म्हणून कोणी भूकंप झाला असे मानीत नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रांवर तीच खूण योग्य वेळी उमटली, तरच ती खरी.

मेंदूच्या अभ्यासकास मात्र कवटीत छिद्र घेऊन आत उतरता येत नाही. निरोगी माणसाच्या डोक्यावर फक्त एक टोपी चढवता येते. टोपीत धातूच्या लहान लहान चकत्या बसवलेल्या असतात, आणि त्वचा व चकती यांच्यामध्ये खारट मलम घातलेले असते. जे काही ऐकायचे ते बाहेरूनच. म्हणून त्याने दुसरा उपाय योजला आहे, तो म्हणजे पुनरावृत्ती.

लंडनमधील जॉर्ज डॉसन यांनी १९४७ साली मेंदूच्या अनेक नोंदी छायाचित्रात एकावर एक ठेवून पाहिल्या आणि काही वर्षांनी अशा नोंदींची बेरीज करणारे यंत्रच तयार केले. त्यामागील विचार अगदी साधा आहे. चूक-लहर प्रत्येक चुकीनंतर जवळजवळ ठरावीक क्षणी येते. भेसळीस मात्र वेळेचे बंधन नसते. ती एका नोंदीत वर जाते, तर दुसरीत खाली. म्हणून अनेक चुकांच्या नोंदी कळ दाबल्याच्या क्षणाशी जुळवून त्यांची सरासरी काढली, की वरची भेसळ खालच्या भेसळीस खाऊन टाकते आणि लहर तेवढी शिल्लक राहते.

भेसळ किती कमी होते, याचाही हिशेब आहे. समजा, लहर १० मायक्रोव्होल्टची आहे आणि एका नोंदीतील भेसळ साधारण २० मायक्रोव्होल्टची आहे. म्हणजे भेसळच लहरीच्या दुप्पट! ४ नोंदींची सरासरी घेतली, की भेसळ १० वर येते. १६ नोंदी घेतल्या, की ५ वर. ६४ घेतल्या, की अडीचवर. नोंदी चौपट कराव्यात, तेव्हा कोठे भेसळ निम्मी होते. निसर्ग उधारी देत नाही. खात्री हवी असेल, तर श्रम मोजावेच लागतात.

येथे एक गमतीची अडचण उभी राहते. संशोधकास बरोबर उत्तरे हवी तेवढी मिळतात, पण त्याला हव्या असतात चुका. एखाद्या मुलास ४०० वेळा बाण दाखवले आणि तो ४० वेळा चुकला, तर संशोधकाचे काम चांगले होते. परंतु एखादी मुलगी फार जपून खेळते आणि साऱ्या प्रयोगात फक्त ४ वेळा चुकते. शाळेत अशा मुलीचे कौतुक होईल. प्रयोगशाळेत मात्र तिच्या नोंदीत अजूनही १० मायक्रोव्होल्टची भेसळ उरते, म्हणजे लहरीच्या बरोबरीची. तिच्या आलेखात जे दिसते ते किती तिचे आणि किती योगायोगाचे, हे सांगणे कठीण होते. म्हणून अनेक प्रयोगशाळांत विश्रांतीच्या वेळी खेळाडूस सूचना देतात. चुका फार थोड्या होत असतील तर, 'थोडे लवकर करा'. फार होत असतील तर, 'थोडे जपून करा'. चुका टाकाऊ नसून त्या जपून गोळा करण्याचे धन आहे, असे जेथे मानतात अशा थोड्या जागांपैकी ही एक आहे.

आता प्रश्न उरतो तो असा: किती चुका गोळा केल्या म्हणजे पुरे? आणि पुरे झाल्या, हे ओळखावे कसे?

साताऱ्याजवळ माहुलीवरून वाहत आलेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला भेटते आणि पुढे सांगलीस येते. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे. तेथील बाजारात हळदीचे सौदे होतात, तेव्हा पोत्यांच्या राशीच राशी लागलेल्या असतात. जाणता व्यापारी एकच हळकुंड उचलून भाव ठरवीत नाही. तो एका राशीतून मूठभर हळकुंडे घेतो, मोडून त्यांचा आतला रंग पाहतो. मग त्याच राशीच्या दुसऱ्या बाजूने आणखी एक मूठ घेतो. दोन्ही मुठी एकच साक्ष देत असतील, तर राशीविषयी त्याची खात्री पटते. एक मूठ केशरी आणि दुसरी फिकी निघाली, तर तो अजून हात घालतो.

मेंदूचा अभ्यासक हेच करतो. मुलाच्या ४० चुकांच्या नोंदी तो दोन मुठींत वाटतो. पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम क्रमांकाच्या २० नोंदी एका मुठीत. दुसरी, चौथी, सहावी अशा सम क्रमांकाच्या २० दुसऱ्या मुठीत. पहिल्या २० आणि शेवटच्या २० अशी वाटणी तो सहसा करीत नाही; कारण शेवटी शेवटी खेळणारा थकलेला असतो आणि मग दोन मुठी सारख्या राहत नाहीत. दोन्ही मुठींची सरासरी तो वेगवेगळी काढतो. असे सर्व मुलांच्या बाबतीत केले, की मग तो पाहतो: पहिल्या मुठीत ज्याची लहर मोठी, त्याची दुसऱ्या मुठीतही मोठी आहे काय? पहिल्या मुठीत जिची लहान, तिची दुसऱ्या मुठीतही लहान आहे काय? दोन मुठींचा हा मेळ साधारणपणे ० ते १ या आकड्यांत सांगतात. मेळ मुळीच नसेल तर ०. पूर्ण असेल तर १. मापाच्या या गुणास विश्वसनीयता असे नाव आहे.

अर्ध्या नोंदींवरून पूर्ण नोंदींची विश्वसनीयता कशी काढावी, हे चार्ल्स स्पिअरमन व विल्यम ब्राउन या दोघांनी १९१० सालीच दाखवून दिले होते. दोन मुठींच्या मेळाची दुप्पट करावी आणि त्या संख्येस, मेळात १ मिळवून येणाऱ्या संख्येने, भागावे. मेळ ०.६ असेल, तर १.२ ला १.६ ने भागून उत्तर ०.७५ येते. दोन मुठी एकत्र केल्या, की एका मुठीपेक्षा भरवसा वाढतो, हेच हे गणित सांगते.

अमेरिकेतील स्टोनी ब्रुक विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००९ साली नोंदी एकेक वाढवीत नेऊन पाहिले. तरुण माणसांची चूक-लहर ६ चुकांच्या सरासरीतच बरीच स्थिर होते, असे त्यांना आढळले. आकडा सोयीचा होता. तो पुष्कळ ठिकाणी वापरला गेला. 'सहा चुका झाल्या ना? मग पुरे!' असा जणू नियमच होऊन बसला. परंतु पुढे इतर संशोधकांनी निरनिराळ्या गटांत तपासणी केली, तेव्हा दिसले की सर्वांना ६ पुरत नाहीत. माणसे बदलली, आजार असला, खेळ बदलला किंवा लहर मोजण्याची रीत बदलली, तर आकडाही बदलतो. लहान मुले फार वेळ स्थिर बसत नाहीत, त्यांच्या नोंदीत हालचालींची भेसळ अधिक असते. मोठ्या माणसांचा आकडा त्यांना तसाच कसा लावावा?

याचे मर्म हळदीच्या राशीतच आहे. एका शेतातील, एका वेळी काढलेल्या राशीला दोन मुठी पुरतील. चार गावांचा माल मिसळलेल्या राशीला दोन मुठी पुरणार नाहीत. दोन मुठी पुरतात, हा गुण हाताचा नसून त्या राशीचा आहे. त्याचप्रमाणे विश्वसनीयता हा केवळ यंत्राचा किंवा टोपीचा गुण नव्हे. या माणसांवर, या खेळात, इतक्या नोंदींवरून जे माप निघाले, त्या मापाचा तो गुण आहे. म्हणून आज जाणते संशोधक दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन थांबत नाहीत. प्रत्येक नव्या प्रयोगात आपल्या मापाची विश्वसनीयता स्वतः काढतात आणि ती निबंधात लिहितात.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. एखादा तराजू दर वेळी ५० ग्रॅम कमीच दाखवीत असेल, तर त्याची सगळी वजने एकमेकांशी जुळतील. तरी ती खरी असणार नाहीत. मापे एकमेकांशी जुळली म्हणजे त्यांचा अर्थही बरोबर लागला, असे होत नाही. न जुळणाऱ्या मापांचा मात्र काहीच अर्थ लावता येत नाही. म्हणून विश्वसनीयता ही शेवटची पायरी नव्हे. ती पहिली आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणास वाटेल. एक लहर थोडी मोठी की थोडी लहान, याने काय बिघडते?

२००० साली गेहरिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट नोंदवली. काही माणसांना एका विकारामुळे हात पुन्हा पुन्हा धुवावेसे वाटतात, कडी लावली की नाही ते पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. अशा माणसांच्या गटात चूक-लहर इतरांपेक्षा मोठी आढळली. फार काळजी करणाऱ्या माणसांच्या गटांतही ती मोठी असल्याचे पुढील अनेक प्रयोगांत दिसले. त्यातून एक आशा निर्माण झाली. कोणत्या मुलास पुढे मनाचा त्रास होऊ शकेल, हे आधी ओळखता आले आणि त्यास वेळीच आधार देता आला, तर किती बरे होईल!

आशा चांगली आहे. पण तिच्यातच धोकाही आहे. गटाची सरासरी वेगळी आणि एका मुलाचे माप वेगळे. चारच वेळा चुकलेल्या त्या जपून खेळणाऱ्या मुलीच्या आलेखात भेसळीमुळे लहर मोठी दिसली आणि कोणी म्हणाले, 'ही मुलगी काळजीखोर होणार', तर? तिच्या आईवडिलांची झोप उडेल. ती स्वतःही स्वतःकडे निराळ्या नजरेने पाहू लागेल. ज्या मुलास खरोखर आधाराची गरज आहे, त्याच्या आलेखात भेसळीने लहर लहान दिसली, तर तो मदतीस मुकेल. कच्च्या मापाचे ओझे मोजणाऱ्यावर पडत नाही. ज्याला मोजले, त्याच्यावर पडते. म्हणूनच बेर्गर यांनी पाच वर्षे थांबून पाहिले. म्हणूनच कऱ्हाडची प्रयोगशाळा एका सुईवर विसंबत नाही. म्हणूनच सांगलीचा व्यापारी दुसरी मूठ घेतो.

साताऱ्याच्या त्या वर्गात आता गुरुजी खिडकीकडून वळलेले असतात. फळ्यावर खडूचा पुसट डाग आणि त्यावर नीट लिहिलेले छप्पन्न त्यांना दिसते. मुलगा खाली मान घालून उभा असतो.

"तुझी चूक तुलाच कळली ना, बाळ? मग मान कशास खाली घालतोस? सोडव पुढे," गुरुजी म्हणतात.

मुलगा पुढची पायरी मांडू लागतो. या वेळी जरा सावकाश. गुरुजी त्या एका चौपन्नावरून त्याच्याविषयी काही ठरवीत नाहीत. वर्षभर त्यांनी त्याची कितीतरी गणिते पाहिलेली असतात, बरोबर आलेली आणि चुकलेलीही. एका मोजणीवरून कोणाची पारख करू नये, हे प्रयोगशाळेत ज्यास गणिताने सिद्ध करावे लागते, ते चांगल्या शिक्षकास रोजच्या अनुभवाने ठाऊक असते.

स्वाध्याय

१. बेर्गर यांनी आपला शोध पाच वर्षे प्रसिद्ध का केला नाही?

२. एका नोंदीतील भेसळ २० मायक्रोव्होल्ट असेल, तर १०० नोंदींच्या सरासरीत ती किती उरेल? पाठातील हिशेबाच्या आधारे काढा.

३. चुका थोड्या करणाऱ्या मुलीचे माप कच्चे का राहते?

४. 'विश्वसनीयता ही शेवटची पायरी नव्हे. ती पहिली आहे.' तराजूच्या उदाहरणाने हे विधान स्पष्ट करा.

५. करून पाहा: वर्गातील बाकाची लांबी पट्टीशिवाय, वितीने १० वेळा मोजा. विषम क्रमांकाच्या मोजण्यांची व सम क्रमांकाच्या मोजण्यांची सरासरी वेगवेगळी काढा. दोन्ही किती जुळतात ते पाहा. मग २० वेळा मोजून पुन्हा तसेच करा आणि जो फरक आढळेल तो वहीत लिहा.